आठ आठवड्यांचा सजगता वर्ग आणि सोबतच्या प्रश्नावल्या: काय घ्यावं, काय सोडावं

सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, नावाखाली आज दहा मिनिटांच्या ध्वनिफितीपासून दहा दिवसांच्या मौनापर्यंत काहीही मिळतं. त्यातलं एकच निवडून परीक्षण करायचं असेल तर ते एमबीएसआरचं करायला हवं. एमबीएसआर म्हणजे सजगतेवर आधारलेला, ताण हलका करण्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तो सुरू केला. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेले, नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण हे त्याचे पहिले विद्यार्थी. आज मिळणारे बरेचसे सजगता वर्ग आणि ॲप यातूनच तुकडे उचलून बनले आहेत. त्यामुळे मूळ वस्तू नीट कळली की तुकड्यांची पारख आपोआप जमते.

अभ्यासक्रमासोबत इथे प्रश्नावल्याही घेतल्या आहेत, कारण हल्ली बहुतेक वर्ग सुरुवातीला आणि शेवटी एखादी प्रश्नावली भरून घेतातच, आणि घरच्या घरी सराव करणारेही आपली स्थिती मोजू पाहतात. दोन्ही एकत्र वापरताना गल्लत होते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी. लोक ध्यानाच्या बैठकीला गुण देऊ लागतात. आज मन किती टिकलं? दहापैकी सहा. काल सात होतं, म्हणजे घसरण झाली. एकदा हा हिशोब सुरू झाला की ध्यान ही आणखी एक परीक्षा होते आणि ताण कमी करायला घेतलेली गोष्ट ताण वाढवू लागते. बैठकीत जे घडतं ते मोजायचं नसतं. मोजायचं ते बैठकीबाहेरचं जगणं, आणि तेही पंधरवड्यातून एकदाच. ही शिस्त पाळणाऱ्यासाठी हा संच चांगला आहे. न पाळणाऱ्याला मात्र आम्ही तो सुचवणार नाही.

वर्गात काय मिळतं

आठवड्याला एक वर्ग, साधारण अडीच तासांचा. सहाव्या आणि सातव्या आठवड्याच्या मध्ये एक अख्खा दिवस मौनाचा. घरी आठवड्यातले सहा दिवस रोज ४५ मिनिटं ठरलेला सराव, आणि त्याशिवाय पाच ते पंधरा मिनिटं रोजच्या कामांतला: दात घासताना फक्त दात घासणं, जिना चढताना पाय कुठे पडतोय ते कळत असणं, समोरचा बोलत असताना उत्तराची जुळवाजुळव न करता ऐकणं. पहिल्या वर्गात एक बेदाणा हातात देतात आणि तो पाहायला, हुंगायला, जिभेवर ठेवायला, चावायला काही मिनिटं घालवतात. पोरकट वाटतं खरं. पण चव कळायच्या आधीच हात दुसऱ्या बेदाण्याकडे कसा जातो, हे त्या काही मिनिटांत जेवढं लख्ख दिसतं तेवढं तासाभराच्या व्याख्यानात दिसत नाही.

पुढचा क्रम असा असतो. पहिले दोन आठवडे मुख्यतः बॉडी स्कॅन, म्हणजे आडवं पडून शरीरातून लक्ष फिरवणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस बॉडी स्कॅन, एक दिवस जमिनीवर पडून करायचे सौम्य योगप्रकार. पाचव्या-सहाव्यात बैठकीचं ध्यान आणि योग आलटूनपालटून. सातव्यात ध्वनिफीत बाजूला ठेवून आपल्याला रुचेल तो सराव, आणि आठव्यात पुन्हा ध्वनिफितीकडे. शिक्षकागणिक थोडाफार फरक पडतो, सांगाडा मात्र हाच.

या अभ्यासक्रमाचं मोठं बळ या क्रमात आहे. पहिल्याच दिवशी "डोळे मिटा, श्वासावर लक्ष ठेवा" म्हणून बसवलं की नवखा माणूस तीन मिनिटांत थकतो, कारण श्वास बारीक असतो आणि मन मोकाट. बॉडी स्कॅनमध्ये लक्षाला दर काही क्षणांनी नवी जागा मिळते. आधी मोठ्या, ठळक संवेदना, मग बारीक, मग ये-जा करणारे विचार, अशी ही चढण आहे. थेट विचारांच्या पायरीवर उडी मारायला लावणारे छोटे वर्ग इथेच कमी पडतात.

रोजची ४५ मिनिटं ही अनेकांची पहिली अडचण. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ४३ अभ्यासांची आकडेवारी तपासली होती. त्यात सहभागी लोकांनी सांगितल्याप्रमाणे घरचा सराव नेमून दिलेल्याच्या सुमारे ६४ टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ३० मिनिटं होत होता. सरावाचा आणि फायद्याचा संबंध दिसला, पण लहान. सांगायचं एवढंच, की पाऊण तास जमला नाही म्हणून अपराधी वाटून सगळंच सोडून देऊ नये. वीस मिनिटंच हाताशी असतील तर बॉडी स्कॅन घाईने उरकण्यापेक्षा शरीराचे मोठे भाग करावेत: दोन्ही पाय एकत्र, मग धड, दोन्ही हात, चेहरा. वेग तोच ठेवायचा, थांबे कमी करायचे. आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी पूर्ण ४५ मिनिटं करावीत, कारण कंटाळा आणि चुळबूळ सहसा विसाव्या मिनिटानंतर तोंड दाखवतात, आणि त्यांच्यासोबत बसायला शिकणं हाच या सरावाचा मोठा भाग आहे.

बॉडी स्कॅन: सगळ्यात उपयोगी, सगळ्यात जास्त चुकणारा

पाठीवर झोपायचं, हात बाजूला, तळवे वर. सुरुवात डाव्या पायाच्या बोटांपासून. तिथून तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी करत कमरेपर्यंत. मग उजवा पाय तसाच. मग ओटीपोट, पाठ, पोट, छाती. पुढे दोन्ही हातांची बोटं एकत्र, तिथून खांद्यापर्यंत, मान, चेहरा आणि टाळू. प्रत्येक जागी श्वासाच्या सोबतीने थोडं थांबायचं आणि पुढे सरकताना आधीची जागा मुद्दाम सोडायची. हे "सोडणं" पुष्कळ ध्वनिफितींमध्ये घाईत उरकलेलं असतं, आणि लक्ष एका जागेवरून हलवण्याचा सराव तर तिथेच होतो.

पहिली चूक म्हणजे बोटांचं चित्र डोळ्यांपुढे आणणं. पाहायचं नाही, जाणवून घ्यायचं: ऊब, गारवा, कपड्याचा स्पर्श, मुंग्या, ठणका. काहीच जाणवत नसेल तर "काही जाणवत नाही" हीच त्या जागेची खबर, तिच्यावर समाधान मानून पुढे जायचं. दुसरी चूक, शिथिल होण्यासाठी धडपडणं. नावात ताण कमी करण्याचं वचन असल्यामुळे लोक खांद्यांना सैल व्हायचा हुकूम देतात आणि ते ऐकत नाहीत म्हणून चिडतात. बॉडी स्कॅनमध्ये शिथिलता आली तर आली, ती मागायची नाही. घट्ट खांदा घट्ट आहे एवढं कळलं की त्या जागेचं काम झालं.

तिसरी अडचण झोपेची. ती दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री अंथरुणात हमखास येते. डोळे उघडे ठेवावेत, गुडघे उभे दुमडून घ्यावेत म्हणजे डुलकी लागताच ते कलंडून जाग येते, किंवा खुर्चीत बसून करावं. तरीही रोज झोप लागत असेल तर रात्रीची झोपच अपुरी आहे का ते आधी पाहावं. झोप यावी म्हणून रात्री वेगळा बॉडी स्कॅन लावायला हरकत नाही, पण तो दिवसाच्या सरावात धरू नये.

मन भटकणं याला आम्ही चूक म्हणत नाही. पालीतला "सति" आणि आपला "स्मृती" हे एकाच मुळाचे शब्द, आणि १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी "सति"साठी "माइंडफुलनेस" हा इंग्रजी शब्द वापरला. आठवण होणं हे या शब्दाच्या पोटातच आहे. मन बाजारहाट करून आलं, मध्येच आठवलं की आपण गुडघ्यापाशी होतो, आणि लक्ष परत गुडघ्यापाशी आलं. हा परतण्याचा क्षण म्हणजेच सराव. चाळीस वेळा भटकून चाळीस वेळा परतलेली बैठक वाया गेली असं समजू नये. बैठकीला गुण का द्यायचे नाहीत याचं कारणही हेच: ज्या दिवशी भटकंती जास्त दिसते, त्या दिवशी नजर अधिक जागी असण्याचीच शक्यता असते.

ध्वनिफीत निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. सूचनांच्या मधे पुरेशी शांतता आहे का, कारण सराव त्या शांततेतच होतो. पार्श्वसंगीत नाही ना, कारण ते असलं की लक्ष शरीराऐवजी सुरांवर जातं आणि संगीतामुळे आलेला गोडवा सरावाच्या खात्यात जमा होतो. आणि सूचना आज्ञार्थी आहेत की निमंत्रणासारख्या. "आता तुमचे खांदे हलके झाले आहेत" असं सांगणारी फीत सरळ बंद करावी. खांदे हलके झाले की नाहीत हे तिला कुठून कळणार?

योगप्रकार सोपे आहेत आणि चांगले आहेत, ताण जाणवू लागतो त्या सीमेवर थांबायचं एवढाच नियम. मौनाचा दिवस जड जातो, पण सहा आठवड्यांच्या सरावानंतर येत असल्याने पेलवतो. तोच दिवस पहिल्या आठवड्यात ठेवणारा वर्ग घेऊ नये.

शेजारच्या घरातून उसनी घेण्यासारखी एक गोष्ट

वारंवार येणारं नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी एमबीएसआरच्या पायावर एमबीसीटी, म्हणजे सजगतेवर आधारलेली संज्ञानात्मक उपचारपद्धती, उभी केली. त्यातली तीन मिनिटांची श्वास-जागा एमबीएसआर करणाऱ्यानेही शिकून घ्यावी. पहिलं मिनिट: आत्ता काय चाललंय? कोणते विचार, कोणती भावना, शरीरात कुठे काय? दुसरं मिनिट: लक्ष गोळा करून फक्त श्वासावर. तिसरं: लक्ष पसरून सबंध शरीर, बसण्याची ढब, चेहरा. वाळूच्या घड्याळाचा आकार डोळ्यांपुढे ठेवला की क्रम विसरत नाही: वर रुंद, मध्ये अरुंद, खाली पुन्हा रुंद.

ही बिघडते ती पहिलं मिनिट गाळल्यामुळे. राग आला की लोक थेट श्वासाकडे पळतात. मग तो श्वास लपायची जागा होतो, आणि राग दाराबाहेर तसाच उभा राहतो. सुरुवातीचे काही दिवस दिवसातून तीन ठरलेल्या वेळी, काहीही बिनसलेलं नसताना करावी. पोहणं बुडताना शिकता येत नाही.

प्रसंगांची नोंदवही: इथे आकडा नाही, म्हणूनच ती आवडते

या अभ्यासक्रमातलं आत्मपरीक्षणाचं उत्तम साधन म्हणजे प्रसंगांची नोंदवही. एक आठवडा रोज एक सुखद प्रसंग, पुढचा आठवडा रोज एक त्रासाचा. कागदावर रकाने असे: प्रसंग काय होता, तो घडत असताना सुखाची किंवा त्रासाची जाणीव त्याच क्षणी होती का, शरीरात नेमकं काय जाणवलं, मनात कोणती भावना आणि कोणते विचार आले, आणि आता लिहिताना काय विचार येतोय.

दुसरा रकाना सगळ्यात बोलका. सुखाच्या आठवड्यात अनेकांच्या तिथे "नाही, नंतर आठवलं" असंच येत राहतं. सुख आलं होतं, घरात कुणी नव्हतं! तिसरा रकाना भरताना "बरं वाटलं", "टेन्शन आलं" असे मोघम शब्द टाळावेत. जबडा आवळला, पोटात खड्डा पडला, कान तापले, छाती मोकळी झाली, असं लिहावं. त्रासाच्या प्रसंगांत आठवड्याभरात एक-दोन जागा पुन:पुन्हा दिसतात, आणि तीच त्या माणसाची धोक्याची घंटा. जबडा आवळल्याचं शब्द तोंडातून निसटण्याआधी कळलं तर पुढचं भांडण टळायला एवढी फट पुरते.

चौथ्या रकान्यात भावना आणि विचार वेगवेगळे लिहायचे. "त्याने मला किंमत दिली नाही असं वाटलं" ही भावना नव्हे, हा विचार आहे. भावना अपमानाची, दुःखाची किंवा भीतीची असते. ही निवड करताना सुरुवातीला अडखळायला होतं आणि शिक्षकांनी इथे वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याच वर्गांत ही पानं भरून घेतात आणि त्यांवर पाच मिनिटंसुद्धा बोलत नाहीत, ही आमची तक्रार आहे. वर्गाची चौकशी करताना "नोंदवहीवर वर्गात चर्चा होते का" हे नक्की विचारावं. नोंद त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी करावी, पण बैठकीनंतर लगेच नको. रविवारी सात दिवसांची एकदम लिहिली तर ती आठवणींची कथा होते.

प्रश्नावल्या, एकेक करून

नियमित वापरासाठी आमची पसंती डब्ल्यूएचओ-५ ला. जागतिक आरोग्य संघटनेची ही प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. पाचच विधानं, पाचही सकारात्मक: मन प्रसन्न होतं, शांत-निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी ताजंतवानं होऊन जाग आली, रोजच्या दिवसात मन रमेल अशा गोष्टी होत्या. मागच्या दोन आठवड्यांत हे किती काळ खरं होतं ते ० (अजिबात नाही) ते ५ (सर्व काळ) यांत सांगायचं. बेरीज २५ पैकी येते, तिला चारने गुणलं की शंभरपैकी गुण. समजा उत्तरं ३, २, २, १, ३ अशी आली. बेरीज ११, गुण ४४. पन्नास किंवा त्याखाली आले तर मनाची तब्येत बरी नाही असं समजून नैराश्याची अधिक तपासणी करावी असा संकेत आहे. २८ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

दोन नोंदींमध्ये १० गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. एका विधानाचं उत्तर एका पायरीने हललं की शंभरात चार गुण हलतात. म्हणजे दहाच्या पुढे जायला किमान तीन पायऱ्या हलाव्या लागतात. ४४ चे ४८ झाले म्हणून पेढे वाटू नयेत, ४४ चे ४० झाले म्हणून खचूही नये.

पीएचक्यू-९ नैराश्यासाठी आणि जीएडी-७ चिंतेसाठी. पहिली २००१ ची, दुसरी २००६ ची, दोन्ही मोफत. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, कालावधी पुन्हा मागचे दोन आठवडे. पीएचक्यू-९ मध्ये एकूण २७ पैकी ५, १०, १५ आणि २० या पायऱ्या सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र अशा लावतात. जीएडी-७ मध्ये २१ पैकी ५, १० आणि १५. दोन्हींत दहाची पायरी गाठली की तज्ज्ञाला दाखवावं. या चाळण्या आहेत, निदान नव्हे. पीएचक्यू-९ मधले झोप, थकवा आणि भूक यांचे प्रश्न शरीराच्या आजारानेही गुण चढवतात. रक्तक्षय असो, थायरॉइडची तक्रार असो की घरात तान्हं बाळ असो, एवढ्या तीन प्रश्नांतून नऊपर्यंत गुण जमू शकतात. त्यामुळे बेरजेबरोबर गुण कुठून आले तेही पाहावं. पहिले दोन प्रश्न, म्हणजे कशातच रस न वाटणं आणि उदास, निराश वाटणं, हे नैराश्याचा गाभा आहेत.

नववा प्रश्न बेरजेत हरवू देऊ नये. मरण बरं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणं याबद्दलचा तो प्रश्न आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण चार असोत की चोवीस, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावं आणि डॉक्टर, समुपदेशक किंवा मदतवाहिनीशी बोलावं. विचार तीव्र असतील तर एकटं राहू नये, थेट रुग्णालय गाठावं. त्या दिवशीचं ध्यान राहिलं तरी चालेल.

पीएसएस-१० ही जाणवणारा ताण मोजते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मूळ १४ प्रश्नांची आवृत्ती काढली, दहा प्रश्नांची नंतर आली. गुण ० ते ४०. इथे हमखास होणारी चूक हिशोबाची: ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे करायचे असतात, शून्याचे चार, एकाचे तीन असे. हे विसरलं तर अगदी मजेत असलेल्या माणसाच्या नावावर १६ गुणांचा ताण फुकट चढतो. शिवाय ती मागच्या महिन्याबद्दल विचारते, म्हणून पंधरवड्याला भरण्यात अर्थ नाही. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा.

आणि सजगता मोजणाऱ्या प्रश्नावल्या? एमएएएस मध्ये १५ विधानं आहेत आणि सगळी बेसावधपणाची. १ म्हणजे जवळजवळ नेहमी, ६ म्हणजे जवळजवळ कधीच नाही, आणि सरासरी काढायची. एफएफएमक्यू ३९ विधानांची, सजगतेचे पाच पैलू वेगवेगळे मोजणारी: निरीक्षण, शब्दांत मांडणं, भानावर राहून वागणं, स्वतःच्या अनुभवाचा न्यायनिवाडा न करणं, आणि प्रतिक्रियेत वाहून न जाणं. संशोधकाला दोन्ही उपयोगी. स्वतःसाठी वापरणाऱ्याला आम्ही त्या सुचवत नाही. बेसावध माणसाला आपला बेसावधपणा दिसत नाही, म्हणून तो सुरुवातीला स्वतःला चांगले गुण देतो. चार आठवड्यांच्या सरावाने डोळे उघडतात आणि गुण घसरतात. प्रगती झाली, आकडा मात्र उलटं सांगतो. एफएफएमक्यूतला निरीक्षणाचा पैलूही असाच फसवा आहे. ध्यानाचा सराव नसलेल्यांमध्ये त्याचे जास्त गुण कधीकधी जास्त मानसिक त्रासासोबत आढळले आहेत, कारण शरीरातली बारीकसारीक धडधड काळजीनेही टिपली जाते.

दिशा विसरू नये, हीही साधी पण नेहमी होणारी गफलत: डब्ल्यूएचओ-५, एमएएएस आणि एफएफएमक्यू मध्ये जास्त गुण चांगले, बाकी तिघींत जास्त गुण वाईट. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे वर किंवा खाली जाणारा बाण काढून ठेवावा. आणि प्रश्नांचं घरगुती भाषांतर करू नये. एका शब्दाने उत्तर हलतं, म्हणून अधिकृत भाषांतरच वापरावं.

आकडे कधी टिपायचे, कसे वाचायचे

वर्ग सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी एक डब्ल्यूएचओ-५ भरावी आणि सुरू होण्याच्या दिवशी दुसरी. ही आधीची दुसरी नोंद फार मोलाची, आणि जवळजवळ कुणीच घेत नाही. माणूस वर्गाला नाव घालतो तो अगदी टेकीला आल्यावर. तळाला गेलेली गोष्ट पुष्कळदा आपणहूनही थोडी वर येते, आणि सगळं श्रेय वर्गाला जातं. आधीच्या दोन नोंदींतच गुण चढताना दिसले तर ही चढण वर्गाआधीच सुरू झाली होती हे कळतं.

पुढे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी. दर वेळी तोच वार, साधारण तीच वेळ, आणि बैठकीनंतर लगेच नाही. बैठकीतून उठलेला माणूस निवळलेला असतो आणि मागचे चौदा दिवस त्याला त्याच रंगात दिसतात. मागची उत्तरं झाकून ठेवावीत. बाजूला एका ओळीत त्या पंधरवड्यातलं ठळक काही लिहावं: ताप, परीक्षा, कामाचा डोंगर, घरातलं आजारपण. रोज भरणाऱ्यांसाठी एवढंच: प्रश्न चौदा दिवसांबद्दल आहे, म्हणजे काल आणि आजच्या उत्तरांत तेरा दिवस सामाईक. जो फरक दिसतो तो आजच्या मूडचा.

याच कारणासाठी सलग दिवस मोजणारी, पदकं देणारी आणि प्रत्येक बैठकीनंतर "आता कसं वाटतंय" विचारणारी ॲप आम्हाला पटत नाहीत. घंटा आणि ध्वनिफितींपुरती ती ठीक. मोजणी बंद करता येत नसेल तर साधा गजर बरा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुण थोडे खाली येणं किंवा चिडचिड वाढल्यासारखी वाटणं बऱ्याच जणांना अनुभवायला मिळतं. आधी दुर्लक्षात गेलेलं आता दिसू लागलेलं असतं. एका नोंदीवरून निर्णय घेऊ नये. सलग दोन नोंदींत मिळून दहाहून जास्त घसरण झाली, तर शिक्षकाशी बोलून सराव निम्म्यावर आणावा. तरीही उतरण थांबली नाही तर थांबावं आणि तज्ज्ञाला भेटावं.

किती अपेक्षा ठेवायची, आणि कुणी जपून

२०१४ साली ध्यानपद्धतींच्या ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सजगता ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीच्या पुराव्यानिशी लहान ते मध्यम सुधारणा दिसली. मात्र औषधं, व्यायाम किंवा इतर वर्तनोपचार यांच्याहून ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ साली चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवरच्या एका चाचणीत आठ आठवड्यांचा एमबीएसआर एस्सिटॅलोप्राम या औषधापेक्षा कमी पडला नाही. यावरून चालू औषध आपल्या मनाने बंद करायची परवानगी कुणी काढू नये. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या चाचणीत, सरसकट सगळ्यांना शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मुलांना किंवा कर्मचाऱ्यांना सक्तीने बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्रासही होऊ शकतो. २०२० च्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत चिंता किंवा उदासी वाढण्यासारखे प्रतिकूल परिणाम नोंदले गेले. मोठा मानसिक आघात होऊन गेलेला असेल, अगदी ताजा शोक असेल, पूर्वी भ्रम-भासाचा आजार झाला असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा व्यसन जोरात असेल, तर आधी उपचार करणाऱ्याशी बोलावं. चांगला वर्ग नाव नोंदवण्यापूर्वी हे प्रश्न स्वतःहून विचारतो. न विचारणाऱ्या वर्गाला आम्ही इथेच नापास करतो. शिक्षकाचा स्वतःचा सराव किती वर्षांचा आहे, त्याने प्रशिक्षण कुठे घेतलं आणि वर्गात कुणाला त्रास झाला तर तो काय करतो, हेही विचारून घ्यावं.

श्वासावर लक्ष नेलं की जीव घाबरा होतो असे काही जण असतात, दमेकऱ्यांमध्येही हे दिसतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा. तळपाय जमिनीवर टेकलेले, हात एकमेकांवर, किंवा बाहेरचे आवाज, यांपैकी काहीही चालतं. डोळे उघडे, नजर दोन हातांवर जमिनीकडे. शिक्षकाने याला कमी दर्जाचं ध्यान म्हटलं तर शिक्षक बदलावा.

वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी आणखी एकदा डब्ल्यूएचओ-५ भरावी. तोवर ४५ मिनिटांची १० झालेली असतात, कुणाची शून्य. त्या नोंदीशेजारी आठवड्याला किती मिनिटं सराव उरला ते लिहावं, आणि नोंदवहीतली त्रासाची पानं काढून तिसरा रकाना पुन्हा वाचावा. जबड्याच्या, पोटाच्या ज्या जागा तेव्हा सापडल्या होत्या, त्या आता वेळेवर कळतात का, हा प्रश्न कुठल्याही छापील प्रश्नावलीत नाही. तो हाताने खाली लिहून घ्यावा.